पॉर्क्युपाइन ट्रीचा पुनर्मीलनाचा अल्बम शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना कसा ऐकवावा?

धरमपेठकर

नमस्कार मंडळी.

नागपुरात आमचे संगीत ऐकणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बैठक भरते. ज्याची पाळी असेल त्याने साधारण दीड तासाचे संगीत निवडून आणायचे, त्याविषयी मोजके बोलायचे आणि मग सर्वांनी चहाबरोबर चर्चा करायची, असा रिवाज आहे. निम्म्याहून अधिक मंडळी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात मुरलेली आहेत आणि डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोहाला वर्षानुवर्षे न चुकता जाणारी आहेत. मे महिन्यात माझी पाळी आहे. पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा २०२२ सालचा ‘क्लोजर / कंटिन्युएशन’ हा अल्बम ऐकवायचे मी ठरवले आहे आणि त्यासाठी इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना या बँडची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. स्टीव्हन विल्सनने १९८७ मध्ये हा बँड सुरू केला तेव्हा तो निव्वळ काल्पनिक होता. सगळी वाद्ये तो स्वतःच वाजवून घरी ध्वनिमुद्रित करीत असे. १९९३ मध्ये कीबोर्डवर रिचर्ड बार्बिएरी आणि बासवर कॉलिन एडविन आले, आणि २००२ च्या ‘इन अॅब्सेन्शिया’पासून ड्रमवर गॅव्हिन हॅरिसन बसू लागला. ‘डेडविंग’, ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ आणि २००९ चा ‘द इन्सिडेंट’ हे त्यानंतरचे अल्बम. १४ ऑक्टोबर २०१० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला आणि त्यानंतर बँड शांत झाला. अधिकृत फारकत कधी जाहीर झाली नाही, पण विल्सन स्वतःच्या नावाने एकामागून एक अल्बम काढत राहिला आणि बँड परत येईल ही आशा बहुतेकांनी सोडून दिली होती. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘हॅरिडन’ हे गाणे अचानक प्रसिद्ध झाले आणि २४ जून २०२२ रोजी पूर्ण अल्बम आला. त्यात विल्सन, बार्बिएरी आणि हॅरिसन असे तिघेच आहेत.

माझी अडचण अशी आहे. रॉक न ऐकणाऱ्या माणसाला हा बँड ऐकवायचा तर नेहमी ‘इन अॅब्सेन्शिया’मधले ‘ट्रेन्स’ लावतात, कारण त्यातली अकूस्टिक गिटार आणि गोड चाल कुणालाही जवळ घेते. या अल्बममध्ये असे प्रवेशद्वार नाही. पहिल्याच गाण्यात बास आणि ड्रम तुमच्यासमोर उभे राहतात, आणि गिटारची मोठी, गुणगुणता येईल अशी सुरावट ऐकायला बराच धीर धरावा लागतो. तरीही माझ्या मते हा त्यांच्या सर्वोत्तम दोन-तीन अल्बमपैकी एक आहे. तेव्हा प्रश्न असे की आधी जुनी दोन-तीन गाणी ऐकवून मग याकडे यावे की थेट यापासूनच सुरुवात करावी? शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याचे लक्ष नेमके कुठे वेधावे? आणि विशेष आवृत्तीतील तीन जादा गाणी घ्यावीत का?

खालीभरी

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण मी तबला शिकत वाढलो आणि पुढे ड्रमसेटकडे वळलो, त्यामुळे या दोन श्रोतृवर्गांच्या मधल्या जागेत माझे बरेच आयुष्य गेले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: थेट ‘हॅरिडन’ लावा, पण त्याआधी पाच मिनिटे तालाविषयी बोला. आपल्या मंडळींना अवघड जाईल असे जे आपल्याला वाटते आहे, तेच त्यांना सर्वांत आधी कळणार आहे.

‘हॅरिडन’ पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याला चारची सवय असते. पाचवी मात्रा आली की त्याला पायाखालची एक पायरी चुकल्यासारखे होते. आपल्याकडच्या श्रोत्याला मात्र झपतालाची सवय असते. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना या दहा मात्रांतले पाच-पाचचे दोन अर्धे त्याच्या अंगात मुरलेले असतात. त्यामुळे ‘हा विषम ताल आहे’ असे सांगून त्यांना बिचकवू नका. हातावर पाच मोजायला सांगा आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, लक्ष ठेवायला सांगा. एक फरक मात्र आधीच सांगून ठेवावा. झपतालात दुसऱ्या अर्ध्याच्या तोंडाशी ‘खाली’ नावाची जागा येते आणि ठेक्याचे वजन तिथे हलके होते. रॉकच्या ठेक्यात अशी खाली नसते. तिथे वजन किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा करकरीत आवाजाचा लहान ड्रम) यांच्या जागांवरून ठरते. श्रोता जर खाली शोधत बसला तर त्याचा गोंधळ होईल, स्नेअरची जागा पकडली तर दोनच आवर्तनांत तो गाण्यात शिरेल.

आता हॅरिसनविषयी. या माणसाने तालातील भासांवर पुस्तके लिहिली आहेत, त्यांपैकी ‘ऱ्हिदमिक इल्यूजन्स’ हे ड्रमवादकांच्या वर्तुळात अतिशय प्रसिद्ध आहे. मूळ लय जागची हलत नाही, पण आघात अशा जागी ठेवायचे की ऐकणाऱ्याला लय बदलल्याचा, सरकल्याचा किंवा मंदावल्याचा भास व्हावा, हे त्याचे मुख्य कसब आहे. आपल्याकडे आड, कुआड, बिआड अशा मूळ लयीच्या दीडपट, सव्वापट, पावणेदोनपट लयीत बोल म्हणताना जे घडते त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. आवर्तन आपल्या जागी असते, कलाकार त्यावर दुसरी चाल चालतो आणि समेवर पुन्हा भेटतो. आपल्या बैठकीतला जो श्रोता तबल्याच्या सोलोला दाद देतो, त्याला ‘हॅरिडन’च्या मधल्या भागात कुठे मान डोलवायची हे कुणी शिकवावे लागणार नाही. स्नेअरवरच्या अगदी हलक्या, जवळजवळ न ऐकू येणाऱ्या टिचक्यांकडेही त्यांचे लक्ष वेधा. मुख्य आघातांच्या मध्ये तो त्या पेरत जातो आणि ठेका भरलेला वाटतो तो त्यांच्यामुळेच.

‘ऑफ द न्यू डे’ हे दुसरे गाणे याच्या अगदी उलट टोकाचे आहे, आणि मला ते तालाच्या दृष्टीने अधिक धाडसी वाटते. ऐकताना ती एक संथ, उदास चाल वाटते. मोजायला बसलात तर लक्षात येते की आवर्तनाची लांबी सतत बदलते आहे. ओळ जेवढी लांब, तेवढ्या मात्रा. चालीच्या श्वासाप्रमाणे ताल लांबतो आणि आखडतो. आपल्याकडे तालाचे आवर्तन ठरलेले असते आणि गायक त्यात शब्द बसवतो, इथे नेमके उलट आहे. बैठकीत हा मुद्दा निघाला तर चर्चा रंगेल याची मला खात्री आहे.

जुने एखादेच गाणे घ्यायचे असेल तर ‘इन अॅब्सेन्शिया’मधले ‘द साउंड ऑफ म्यूझॅक’ घ्या. त्याची कडवी सात मात्रांत आहेत. सात मात्रांच्या रूपक तालाचे बोल तोंडाने म्हणून पाहिले तर आवर्तन जुळते, विभाग तंतोतंत जुळण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. हॅरिसनच्या या बँडमधल्या पहिल्याच अल्बममधले ते गाणे आहे, त्यामुळे तो आल्याने काय बदलले हेही आपोआप सांगून होईल.

बर्डीवाला

खालीभरी यांच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त त्यात एका वाद्याविषयी भर घालावीशी वाटते. या अल्बमची खरी गोष्ट बासची आहे.

डिसेंबर २००९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत मूड इंडिगो या विद्यार्थी महोत्सवाला हा बँड आला होता, ‘द इन्सिडेंट’ नुकताच प्रसिद्ध झाला होता तेव्हा. आम्ही काही मित्र विदर्भ एक्स्प्रेसने त्यासाठी गेलो होतो. त्या रात्री मी मुख्यतः कॉलिन एडविनकडे पाहत होतो. तो फारसा हलत नसे. त्याचा बास गोल, गरम आणि खालच्या सुरांत राहणारा होता. बऱ्याचदा तो बिनपडद्यांची बास गिटार वाजवी, आणि तिच्या मींडेसारख्या सरकण्यामुळे विल्सनच्या सर्वांत कठोर रचनांच्या तळाशीही एक माया असे. एडविन या अल्बममध्ये नाही. बास विल्सननेच वाजवला आहे, आणि त्याचे कारण या संगीताच्या जन्माशी जोडलेले आहे.

पूर्वी विल्सन जवळजवळ पूर्ण झालेले नमुने घरी तयार करून बँडसमोर ठेवीत असे आणि बाकीचे त्यात आपापला रंग भरत. या वेळी बराचसा मजकूर हॅरिसनच्या ड्रमसमोर विल्सनने बास घेऊन बसण्यातून निघाला. बँड शांत झाल्यावर थोड्याच काळात त्या दोघांनी असे वाजवायला सुरुवात केली होती आणि पुढे अनेक वर्षे, अधूनमधून, कुणालाही न सांगता ते चालू राहिले. गिटारवादकाने बास हाती घेतला की तो बासवादकासारखा विचार करीत नाही. तो वरच्या सुरांत जातो, तारेला झटका देतो, आणि आधार देण्याऐवजी रचनेचा मुख्य आकृतिबंधच बासवर मांडतो. ‘हॅरिडन’ची सुरुवात ऐका, ‘रॅट्स रिटर्न’ किंवा ‘हर्ड कलिंग’ ऐका; गाणे बासवर उभे आहे आणि गिटार त्यावर नंतर येऊन बसली आहे. आपल्याला प्रवेशद्वार सापडत नाही असे आपण म्हणता त्याचे कारण मला हेच दिसते. आपण गिटारच्या दारातून शिरू पाहत आहात आणि या घराचे दार तळमजल्यावर बासपाशी आहे.

एडविनला वगळल्याचे दुःख मला आजही आहे आणि ते मी लपवणार नाही. मंचावरच्या भूतकाळातला आणखी एक आवाज, २००२ पासून दौऱ्यांवर गिटार आणि सहगायन करणारा जॉन वेस्ली, तोही या वेळी नव्हता; २०२२ च्या दौऱ्यात रँडी मॅकस्टीन आणि नेट नवारो हे नवे वादक होते. पण एडविनच्या बासवर हाच अल्बम कसा झाला असता याची कल्पना करू गेलो की लक्षात येते, तो अल्बम वेगळाच झाला असता. कदाचित अधिक प्रेमळ झाला असता, पण ‘हॅरिडन’ त्यात जन्मले नसते.

आपल्या श्रोत्यांना एवढेच सांगा की पहिल्यांदा ऐकताना फक्त बास ऐकावा. घरातल्या स्पीकरवर बास नीट ऐकू येतो आहे ना, हे आदल्या दिवशी तपासून घ्या. मोबाइलच्या लहान स्पीकरवर किंवा टीव्हीच्या ध्वनिपट्टीवर हा अल्बम लावला तर त्याचा अर्धा जीव निघून जाईल.

शांतरस

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून असे चित्र उभे राहते की हा अल्बम म्हणजे ताल आणि बास. मला हे एकांगी वाटते, आणि आपल्या मंडळातल्या गायकीकडून येणाऱ्या श्रोत्यांवर त्याने अन्याय होईल अशी भीती वाटते. सगळेच काही तबल्याच्या बाजूने ऐकत नाहीत. मी स्वतः गाणे शिकले आहे आणि मात्रा मोजत ऐकणे मला कधीच जमले नाही, तरीही हा अल्बम मला अतिशय प्रिय आहे. त्याचे श्रेय रिचर्ड बार्बिएरी यांना आहे.

बार्बिएरी मूळचे ‘जपान’ या इंग्लिश बँडचे. १९८१ च्या ‘टिन ड्रम’ या अल्बममध्ये त्यांनी सिंथेसायझरमधून जे स्वर घडवले ते आजही ताजे वाटतात. बोटांची चपळाई दाखवणे हा त्यांचा मार्गच नाही. तयार आवाजांच्या संचातून निवड करण्याऐवजी ते स्वतः आवाज घडवतात. एक स्वर धरून त्याचा पोत सावकाश बदलत नेतात, आणि तो बदलत असताना मागचे सगळे वातावरण बदलून जाते. षड्जावर बराच वेळ स्थिर राहून आवाजाचा लगाव बदलत जाणारा गायक ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बार्बिएरी काय करतात हे समजावून सांगावे लागत नाही.

‘डिग्निटी’ आणि ‘वॉक द प्लँक’ ही दोन गाणी विल्सन आणि बार्बिएरी यांनी मिळून रचली आहेत. पूर्वीच्या अल्बममध्ये बार्बिएरींचे काम विल्सनच्या तयार रचनेला रंग देण्याचे असे. इथे रचनेच्या मुळाशीच ते आहेत. ‘डिग्निटी’ ही रस्त्यावर आयुष्य काढणाऱ्या माणसाविषयीची रचना आहे. तिच्यात करुणा आहे, पण ती कुठेही गळा काढत नाही. सहगायनाचे थर एकमेकांवर अलगद ठेवलेले आहेत. ज्या गोड सुरावटीची उणीव आपल्याला वाटते ती इथे आहे. ‘वॉक द प्लँक’मध्ये तर गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, सगळे वजन सिंथेसायझरवर, बासवर आणि गळ्यावर आहे. रॉक म्हणजे गिटारचा गोंगाट असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

‘रॅट्स रिटर्न’विषयी माझे मत अनुकूल नाही. त्यात चंगीझ खान, पिनोशे, माओ, किम इल-सुंग अशी हुकूमशहांची नावे एकामागून एक येतात, आणि मला तो भाग घोषणेसारखा कोरडा वाटतो. विल्सनच्या शब्दांची ताकद नावे घेण्यात नाही, एकट्या माणसाच्या मनाच्या आत जाण्यात आहे. पण हे एकच गाणे वगळून चालणार नाही, कारण त्याच्यानंतर ‘डिग्निटी’ येते आणि तो उतार फार सुंदर आहे. म्हणूनच माझी विनंती आहे की क्रम मोडू नका. गाणी निवडून लावू नका, मूळ सात गाणी ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, सलग ऐकवा. मूळ अल्बम साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांचा आहे. दीड तासात बोलायलाही भरपूर वेळ उरतो.

कूलर

व्यवहाराचा एक मुद्दा. बैठक मे महिन्यात आहे आणि घर नागपुरातले आहे, म्हणजे खोलीत डेझर्ट कूलर चालू असणार. त्याच्या पंख्याची घरघर नेमकी बासच्याच पट्ट्यात असते, शिवाय पाणी टपकत राहते ते वेगळेच. शेवटचे ‘किमेराज रेक’ हे जवळजवळ दहा मिनिटांचे गाणे अतिशय हळुवार गिटारने सुरू होते आणि चढत चढत फार मोठ्या आवाजापर्यंत जाते. त्याची सुरुवात कूलरमध्ये बुडाली तर शेवटचा चढ निव्वळ आरडाओरडा वाटेल. बैठक सूर्य मावळल्यावर ठेवा, खसाच्या ताट्या चांगल्या भिजवून तासभर आधी खोली थंड करून घ्या, आणि निदान ‘डिग्निटी’ व शेवटचे गाणे चालू असताना कूलर बंद ठेवा. पंधरा-वीस मिनिटांचा उकाडा सगळे सोसतील.

जुनाश्रोता

धाग्यात अजून न आलेला एक विषय मांडतो, कारण आपल्या मंडळींपैकी कुणीतरी नक्की विचारील: वर्षानुवर्षांनी एकत्र आलेल्या बँडने नवे काही करणे शक्य तरी असते का, की हे जुन्या नावाचे भांडवल असते? प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात दोन्हीची उदाहरणे आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहिली की ‘क्लोजर / कंटिन्युएशन’ची जागा स्पष्ट होते.

१९९१ मध्ये येस या बँडचा ‘युनियन’ आला. त्या वेळी येसचे दोन गट झाले होते आणि अल्बमवर दोन्ही गटांचे मिळून आठ जण होते. पण ते एकत्र बसून वाजवत नव्हते. दोन गटांचे वेगवेगळे ध्वनिमुद्रण एका मुखपृष्ठाखाली आणले गेले आणि बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या वादकांकडून वाजवून घेतले गेले. कीबोर्डवादक रिक वेकमनने त्या अल्बमला उघडपणे ‘अनियन’ असे नाव ठेवले होते, कारण तो ऐकला की डोळ्यांत पाणी येते. एवढे मोठे कलाकार असूनही त्यात एकत्र येण्याचा आनंद कुठेच ऐकू येत नाही, कारण एकत्र येणे मुळात घडलेलेच नव्हते.

याउलट किंग क्रिमसन हा बँड १९७४ मध्ये थांबला आणि १९८१ मध्ये ‘डिसिप्लिन’ घेऊन परतला तेव्हा जुन्यांपैकी फक्त रॉबर्ट फ्रिप आणि बिल ब्रुफोर्ड उरले होते. सोबत एड्रियन बिलू आणि टोनी लेव्हिन हे नवे आले होते. जुन्या मेलोट्रॉनच्या (ध्वनिफितींवरून तंतुवाद्यांचे स्वर काढणाऱ्या कीबोर्डच्या) भव्य लाटांचा मागमूस त्यात नव्हता. दोन गिटार एकमेकींच्या मात्रांमध्ये गुंतत जाणारे संपूर्ण नवे संगीत होते. सुरुवातीला तर बँडचे नावही ‘डिसिप्लिन’ असेच ठेवले होते. जुने पुन्हा उभे करायचे नाही, हा निश्चय त्यात पहिल्या आघातापासून ऐकू येतो.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे आहे. व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा बँड १९७८ मध्ये फुटला. डिसेंबर २००३ मध्ये त्याचे गायक पीटर हॅमिल यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून ते वाचले. एकत्र वाजवायचे असेल तर आता वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्या चौघांना कळले होते. फेब्रुवारी २००४ मध्ये ते डेव्हनमधल्या एका जुन्या घरात जमले आणि २००५ मध्ये ‘प्रेझेंट’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. एका तबकडीवर रचना आहेत आणि दुसरी पूर्णपणे उत्स्फूर्त वादनाची आहे. ती दुसरी तबकडी सफाईदार नाही, काही भाग भरकटतातही, पण चार माणसे एका खोलीत एकमेकांना पुन्हा ओळखत आहेत हे त्यात जसे ऐकू येते तसे मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही.

पॉर्क्युपाइन ट्रीचा अल्बम मला ‘डिसिप्लिन’च्या बाजूचा वाटतो. बर्डीवाला यांनी सांगितलेली कार्यपद्धती त्याच्या मुळाशी आहे. जुन्या पद्धतीने, म्हणजे विल्सनने नमुने करून आणायचे आणि इतरांनी वाजवायचे, असा अल्बम त्यांना केव्हाही करता आला असता आणि तो विकलाही गेला असता. त्यांनी पद्धतच बदलली. मधल्या काळात हॅरिसन किंग क्रिमसनमध्ये तीन ड्रमवादकांपैकी एक म्हणून वाजवत होता, बार्बिएरी स्वतःचे अल्बम करीत होते, आणि विल्सन ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’पासून ‘द फ्यूचर बाइट्स’च्या इलेक्ट्रॉनिक संगीतापर्यंत फिरून आला होता. हे सगळे घेऊन ते परत आले. ‘वॉक द प्लँक’मध्ये ‘द फ्यूचर बाइट्स’चा विल्सन ऐकू येतो आणि ‘हॅरिडन’मध्ये क्रिमसनमधला हॅरिसन. म्हणून याला मी पुनरागमन म्हणण्यापेक्षा या तिघांनी बरोबरीने रचलेला पहिला अल्बम म्हणेन. श्रोत्यांनीही तो तसा स्वीकारला. ‘द इन्सिडेंट’ ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत तेविसाव्या स्थानापर्यंत गेला होता, हा दुसऱ्या स्थानापर्यंत गेला.

बँड पुढे चालणार की इथेच थांबणार, हे त्यांनी नावातही आणि मुलाखतींतही उघडे ठेवले आहे. आपल्या बैठकीत यावर अंदाज बांधण्यात वेळ जाऊ देऊ नका. समोर असलेला अल्बम पुरेसा आहे.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या नेमकेपणाने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. आता माझा बेत असा ठरला आहे.

बैठक रात्री साडेआठला ठेवीन. सुरुवातीला जुने एकच गाणे, खालीभरी यांनी सुचवलेले ‘द साउंड ऑफ म्यूझॅक’, तेही सात मात्रांमुळे. ‘ट्रेन्स’ वगळतो आहे; ते ऐकल्यावर मंडळी पुढे तशाच चालीची वाट पाहत बसतील आणि मुख्य अल्बमवर अन्याय होईल. त्यानंतर बास आणि ड्रम यांच्यातून हे संगीत कसे जन्मले ते सांगून सातही गाणी मूळ क्रमाने, मध्ये न बोलता. शांतरस ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे, पण ‘रॅट्स रिटर्न’विषयी मात्र मी त्यांच्याशी असहमत आहे. त्या नावांच्या यादीतला कोरडेपणा मला हेतुपुरस्सर वाटतो, कारण त्या गाण्यातला बास आणि ड्रमही तितकेच निष्ठुर आहेत. यावर बैठकीत दोन्ही बाजू ऐकायला आवडतील. जादा तीन गाण्यांविषयी कुणी काही लिहिले नाही. मी ती मुख्य अल्बममध्ये जोडणार नाही, चहाच्या वेळी ‘पॉप्युलेशन थ्री’ ही गायनाविना असलेली रचना लावावी असे मनात आहे.

खालीभरी, एक विनंती आहे. आपण नागपुरातच असाल तर तबला घेऊन याल का? ‘हॅरिडन’ लावण्याआधी झपतालाचा ठेका आणि त्या गाण्याचा ठेका एकापाठोपाठ वाजवून दाखवलात तर माझ्या पाच मिनिटांच्या भाषणाची गरजच उरणार नाही.

खालीभरी

अवश्य येईन. तबल्याबरोबर एक स्नेअर आणि हाय-हॅट ही झांजांची जोडीही आणतो, म्हणजे खालीची जागा आणि स्नेअरची जागा दोन्ही समोर ऐकवता येतील. एकच सूचना: आधी गाण्याचा ठेका वाजवू आणि झपताल नंतर घेऊ. झपताल आधी वाजवला तर मंडळींच्या कानात खाली बसून जाईल आणि मग गाण्यात ती शोधणे त्यांना थांबवता येणार नाही. पत्ता आणि तारीख मला निरोपातून कळवा. ‘जादा’ गाण्यांपैकी ‘लव्ह इन द पास्ट टेन्स’ही जवळ ठेवा, चर्चा लांबली तर ते ऐकवण्यासारखे आहे.